सहा फुटी टँक आणि मालावीची मंडळी

पहिल्यांदा आफ्रिकन सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेच्या मोठ्या तळ्यांतले ते रंगीत मासे, घरी आले ते एका पिशवीतून. दुकानातल्या टँकवर मार्करने नुसतं "आफ्रिकन मिक्स" लिहिलेलं, पिवळे, निळे, नारिंगी, पट्टेवाले, सगळे दीड दीड इंचाचे, आणि एकमेकांत छान मिसळून फिरत होते. मी बारा उचलले. गोड्या पाण्यात असले रंग मी कधी बघितले नव्हते, मला वाटलं समुद्रातलेच मासे घरी नेतेय. घरी तीन फुटी टँक होता, सात-आठ महिने सगळं छान चाललं आणि मग त्यातला एक, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला, हळूहळू काळा पडायला लागला. काळ्यावर फिकट निळी रेघ. मला वाटलं आजारी पडला की काय. आजारी नव्हता, वयात आला होता. ऑराटसचा नर होता तो, मेलानोक्रोमिस ऑराटस, मादी आणि पिल्लं पिवळी आणि मोठा झालेला नर काळा, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याने सगळा टँक ताब्यात घेतला. एका पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंवपोंव ऐकून उठले, लाईट लावला तर एक एसेई, जांभळ्या अंगाचा आणि पिवळ्या शेपटीचा, हीटरच्या मागे पाण्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात उभा होता. शेपटीचा पिवळा भाग राहिलाच नव्हता, नुसते काटे, डोळ्याजवळचे खवले निघून पांढरं मांस दिसत होतं, आणि तो हलत नव्हता कारण हलला की मार बसायचा. संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा तो गेला होता. तो कोपऱ्यातला मासा अजून डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे सगळं एवढं सविस्तर लिहितेय. तुमच्या टँकमध्ये कोणी असा वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या पाइपमागे उभा राहायला लागला ना, तर तो लाजाळू नाही, त्याला बाहेर काढा, त्याच दिवशी.

आता माझ्याकडे सहा बाय दोन बाय दोनचा टँक आहे, साधारण ६८० लिटरचा, दगड-वाळूची जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी साडेपाचशेच्या आसपास बसतं. चार वर्षं झाली. आणि आता ओळखीतलं कोणी मोठा टँक केला की पहिला प्रश्न हाच येतो, की कुठले कुठले घेऊ, सगळे रंग हवेत. माझं म्हणणं एवढंच असतं की रंगाच्या आधी तीन गोष्टी बघा, तो कुठल्या तळ्यातला, खातो काय, आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी टँकमध्ये आहे का. या तिन्हीत बसला तर घ्या, नाहीतर कितीही सुंदर असला तरी सोडून द्या.

तळ्याचं आधी सांगते. आफ्रिकन सिक्लिड म्हणून आपण जे सरसकट म्हणतो ते मुख्यतः तीन तळ्यांतले, मालावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. आपल्याकडे दुकानात दिसतात त्यातले बहुतेक मालावीचे. हे तळं म्हणजे ७०० मीटर खोल आणि पावणेसहाशे किलोमीटर लांब, समुद्रच म्हणा की, मालावी, टांझानिया आणि मोझांबिक अशा तीन देशांना लागून. मोझांबिकच्या बाजूने त्याचं पोर्तुगीज नाव लागो नियासा. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली कारण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार आपल्या गोव्यातूनच चालायचा, म्हणजे त्या काळी या माशांचा एक किनारा कागदोपत्री तरी गोव्याकडून फार लांब नव्हता. असो.

आणि सिक्लिड आपल्याला परके नाहीतच मुळी. आमचं काळुंदर सिक्लिडच आहे! रवा लावून तळतो ते काळुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात. भारतात या कुळातले तीनच मूळचे मासे आणि त्यांचे जवळचे नातेवाईक आहेत ते मादागास्करमध्ये. माझं माहेर बोरीचं, लहानपणी बाबांबरोबर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, जायचे, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जवळ बांधाच्या कडेला उथळ पाण्यात काळुंदराची जोडी दिसायची, मध्ये पिल्लांचा ढग आणि दोन बाजूंना आईबाप, दुसरा मासा हातभर जरी जवळ आला तरी सरळ अंगावर जायचे. बाबा म्हणायचे, आता याला गरी टाकायची नाही, घरात लहान पोरं आहेत त्याच्या. टँकमधली ती पहिली मारामारी समजून घ्यायला मला खरं तर तेच आठवायला हवं होतं, की हा मासा जागेसाठी आणि पोरांसाठी भांडणारा आहे, ते त्याच्या रक्तातच आहे, आपण त्याला जागा कशी वाटून देतो यावर सगळं.

तर मालावीत तीन प्रकारची मंडळी आहेत असं ढोबळमानाने समजा. खडकात राहणारे ते म्बुना, तिकडच्या भाषेतलाच शब्द आहे तो. वाळूच्या जवळ फिरणारे पीकॉक म्हणजे ऑलोनोकारा. आणि मोकळ्या पाण्यातले, आकाराने मोठे, बरेचसे दुसरे मासे खाणारे ते हॅप. यातलं एक निवडा. एकच. म्बुनाचा टँक करा किंवा पीकॉक आणि शांत हॅपचा टँक करा, दोन्ही एकत्र करायचा मोह होतोच कारण पीकॉकच्या नराचे रंग असे असतात की बास, पण म्बुना दिवसभर धावपळ करणारे, ढकलाढकली करणारे, पीकॉक त्या मानाने सावकाश, त्याचं जेवण म्हणजे वाळूवर तरंगत राहून डोक्यावरच्या छिद्रांनी वाळूखालच्या किड्यांची हालचाल ओळखायची आणि मग तोंड खुपसायचं. म्बुनांच्या गर्दीत त्याला ते करूच देत नाहीत, मग त्याचा रंग उतरतो, आणि ज्या रंगासाठी आणला तोच बघायला मिळत नाही.

खाण्याचं याहून महत्त्वाचं. बहुतेक म्बुना खडकावरचा शेवाळाचा थर खरवडून खातात, त्यात बारीक जीव असतात पण मुख्य शेवाळ, म्हणून त्यांचं आतडं लांब असतं. त्यांना ब्लडवर्म, बीफहार्ट असलं मांसाहारी खाणं रोज घातलं की पोट बिघडतं, मग मासा खाणं तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होते, पोट फुगतं, याला मालावी ब्लोट म्हणतात आणि तिथपर्यंत गेलेला मासा क्वचितच वाचतो. उलट पीकॉक किडे आणि झिंग्यांवर जगणारा, त्याला प्रोटीन लागतं. एकाच टँकमध्ये दोघांना एकाच डब्यातून घालणार कसं सांगा. मी म्बुना ठेवलेत म्हणून माझ्याकडे स्पिरुलिनाच्या, म्हणजे शेवाळाच्या, बारीक गोळ्या, दिवसातून दोनदा, मिनिटाभरात संपतील एवढ्याच, आणि आठवड्यातून एकदा उकडलेल्या वाटाण्याचा गर, साल काढून. बास. त्यांना कायम भूक लागल्यासारखे ते काचेवर येतात, माझी आई आली की म्हणते अगो उपाशी ठेवतेस काय त्यांना, पण तो त्यांचा स्वभाव, त्यावर जाऊ नका.

आता माझी निवड कशी झाली ते. मोठा टँक करायचं ठरल्यावर मी जवळजवळ चार महिने एकही मासा आणला नाही, वही घेऊन यादी करायची आणि खोडायची. सगळ्यात आधी खोडले ते ऑराटस आणि केन्यी. केन्यी म्हणजे मायलँडिया लोम्बार्डोई, यात उलटं आहे, पिल्लं आणि माद्या निळ्या आणि मोठा नर पिवळा, दिसायला गोड पण स्वभावाने ऑराटसच्या तोडीचा. "मिक्स" पिशवीत हे दोघे हमखास असतात कारण पिल्लं स्वस्त आणि रंग लहानपणापासूनच. नवीन माणसाने निदान हे दोन चेहरे तरी पाठ करावेत.

मग येलो लॅब की साउलोसी यावर अडले. येलो लॅब म्हणजे लॅबिडोक्रोमिस सिरुलियस, लिंबासारखा पिवळा, म्बुनात सगळ्यात शांत म्हणावा असा, पहिल्यांदा ठेवणाऱ्या कोणालाही मी तोच सांगेन. साउलोसी हा लहानखुरा, आठ सेंटिमीटरपर्यंत, त्याची माद्या-पिल्लं पिवळीधमक आणि नर आकाशी निळा त्यावर काळे पट्टे, म्हणजे एकाच जातीत दोन रंग. दोन्ही हवे होते मला. पण दोन्हीकडे पिवळंच! साउलोसीच्या नराला पिवळी दिसेल ती आपली मादी वाटू शकते, आणि पिल्लं संकर होऊन निघाली तर ती ना धड हे ना ते. माशांची भांडणंही अशीच, स्वतःसारखा दिसणारा दुसरा नर दिसला की तो शत्रू, मग तो वेगळ्या जातीचा का असेना. दोन निळ्या पट्टेरी जाती एकत्र ठेवल्या की बघायलाच नको. म्हणून एक रंग-एक जात हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि लॅब सोडले. मन मानत नव्हतं पण सोडले. साउलोसी तळ्यात तैवान रीफ म्हणून एका छोट्या खडकाळ भागातच सापडतो, दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे घरात त्याची शुद्ध पिल्लं होणं मला जास्त मोलाचं वाटलं.

तर शेवटी ठरलं ते असं. साउलोसी १५, एसेई ८, रस्टी ८, आणि तळाला सिनोडोन्टिस पेट्रिकोला ५. रस्टी म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेन्गेरी, दुकानातल्या पांढऱ्या लाईटखाली नुसता तपकिरी दिसतो म्हणून कोणी विचारत नाही, पण घरी स्थिरावला की त्या तपकिरीवर जी जांभळी झाक येते ती बघत बसावी अशी, आणि नर-मादी सगळ्यांवर येते, शिवाय वागायला साधा. एसेई इतर म्बुनांसारखा दगडाला चिकटून राहत नाही, वरच्या अर्ध्या पाण्यात घोळक्याने फिरतो, म्हणजे टँकचा वरचा भाग रिकामा वाटत नाही. पेट्रिकोला हा ठिपक्यांचा छोटा कॅटफिश टांगानिकाचा आहे, मालावीचा नाही, माझ्या एक-तळं नियमाला हा एकच अपवाद कारण त्याला पाणी तसंच चालतं, तो रात्री फिरतो, आणि अंगावर काटे असल्यामुळे म्बुना त्याच्या नादी लागत नाहीत.

एवढे मासे का, गर्दी नाही का होत, असं सगळे विचारतात. होते, आणि ती जाणूनबुजून केलेली असते. दहाच मासे ठेवले तर दादा नर एकाच्याच मागे लागतो, पस्तीस असले की मार वाटला जातो, कोणा एकावर राग धरायला त्याला वेळच मिळत नाही. पण ही गर्दी फिल्टरच्या जोरावरच, हे विसरू नका. माझ्याकडे दोन मोठे कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचे फिल्टर, आहेत, दोन्ही मिळून तासाला चारेक हजार लिटर फिरवतात, आणि दर रविवारी २०० लिटर पाणी बदलते, पाऊस असो की पाहुणे असोत. ते जमणार नसेल तर मासे अर्धे करा.

नर-मादीचं प्रमाण एका नरामागे तीन-चार माद्या. पिल्लू असताना ओळखता येत नाही म्हणून जास्त आणायचे, वाढवायचे आणि जादा नर काढायचे. साउलोसीचे पंधराही पिवळेच आले होते मुंबईहून रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या पेटीत. चौथ्या महिन्यात एक मळका दिसायला लागला, लेक घाबरली, आई हा मरतोय. मी तिला म्हटलं रोज बघ आणि लिही. तिने वहीत लिहिलंय, पहिल्या दिवशी राखाडी, नवव्या दिवशी शेपटीकडे निळं, विसाव्या दिवशी पट्टे मोजता येतात. महिन्याभरात तो पूर्ण निळा झाला, दगडाच्या फटीसमोर उभा राहून सगळं अंग थरथरवायला लागला, आणि तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. असे एकूण सहा निळे झाले, त्यातले दोन मोठे दिसले ते ठेवले, तिसरा दबलेला आहे, पिवळट निळाच राहतो, त्याला कोणी मारत नाही म्हणून राहू दिला.

पाण्याचं बोलायलाच हवं कारण गोव्यात हेच सगळ्यात उलटं आहे. आमच्याकडे जांभ्या दगडातली विहीर, पाणी चवीला गोड पण मऊ आणि आंबटपणाकडे झुकणारं, मी मोजलं तेव्हा पीएच ६.२ आणि केएच, म्हणजे पीएच घसरू न देणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जेमतेम १. मालावीच्या माशांना पीएच पावणेआठ ते साडेआठ हवा. लोक बाटल्या आणतात महागड्या. मी काय केलं तर तिसऱ्यांची शिंपलं! सासूबाई रविवारी तिसऱ्यांचं सुकं करतात, ती शिंपलं उकळायची, चार दिवस कडक उन्हात वाळवायची, खलबत्त्यात जाडसर कुटायची आणि कांद्याच्या जाळीत भरून फिल्टरमध्ये. पण त्याला मर्यादा आहे, शिंपलं आंबट पाण्यातच विरघळतात, पाणी आठच्या जवळ गेलं की ती थांबतात, आणि एरवीही वेग मंद. म्हणून पाणी बदलताना मी खायचा सोडाही घालते, १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण १ डिग्री वाढते, असं मोजून ६-७ पर्यंत नेते. आधी पिंपात मिसळायचं, रात्रभर हवा सोडायची, मग टँकमध्ये. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारं औषध आधी. किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे आणू नका, पोवळी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि शिंपलं घरात असताना ती लागतच नाहीत.

पीएच वाढवल्यावर एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की हवी, अमोनिया. पीएच ७ ला जेवढा अमोनिया मासे सहन करतात तेवढाच पीएच ८ ला घातक ठरतो कारण त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. हे मला चवथीला, म्हणजे गणपतीत, कळलं. आम्ही पाच दिवस मूळ घरी, माटोळी, गणपतीवर टांगायची ती फळापानांची चौकट, बांधायला सगळं घर तिकडे, आणि शेजारच्या मुलाला सांगून गेलेले थोडं थोडं घाल. त्याने प्रेमाने अर्धा डबा घातला. आलो तेव्हा पाणी दुधासारखं आणि चार मासे वर. त्याला मी काहीच बोलले नाही, चूक माझी होती, मोठे धडधाकट मासे पाच-सहा दिवस काही न खाता आरामात राहतात, कोणाला सांगायलाच नको होतं. आता चवथीला फक्त लाईट टायमरवर ठेवते आणि कुलूप लावते.

टँक ठेवायचा कुठे हेही ठरवून करा, पाणी, काच, दगड मिळून जवळजवळ टनभर वजन होतं. आमचं घर जुनं, तळमजला, तरी गवंड्याकडून चिऱ्यांचा ओटा बांधून घेतला, वर कडप्पा, त्यावर थर्माकोल आणि मग टँक. आतल्या सजावटीला मात्र चिरे नकोत, कितीही धुवा लाल गाळ सुटतोच. मी नदीतले काळे गोटे घेतले, दीडशे किलोच्या आसपास, आणि ते आधी तळाच्या प्लास्टिक जाळीवर रचून मग वाळू टाकली. उलटं करू नका, हे मासे वाळू उकरतात आणि खालची वाळू गेली की दगड काचेवर येतो. डोंगर एकच सलग न करता तीन वेगळे ढीग केले, मध्ये मोकळी जागा, म्हणजे एका नराला सगळंच आपलं वाटत नाही. प्रत्येक फटीला दोन तोंडं हवीत. एका तोंडाच्या बिळात अडकलेला मासा मार खाऊनच बाहेर येतो.

हवामानाचं म्हणाल तर हीटर आमच्याकडे वर्षातले अकरा महिने बंदच असतो, काळजी असते ती मे महिन्याची, पाणी ३१ पर्यंत जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि मासे एवढे. झाकण काढून जाळी टाकते, पाण्यावर दोन छोटे पंखे. आणि पहिल्या पावसात लाईट जाते तेव्हासाठी एअर पंप इन्व्हर्टरवर. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नऊ तास नव्हती, त्या पंपामुळेच सगळे वाचले.

आता ते नेहमीचे प्रश्न, बरोबर अजून काय ठेवू. एंजल नको, गपी-मॉली नको, गोल्डफिश तर नकोच, त्यांचे लांब पंख एका दिवसात जातील. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सिक्लिडच पण अमेरिकेकडच्या घराण्यातले, आकार आणि स्वभाव दोन्ही जुळत नाहीत. काच साफ करायला सकर आणू का, तर दुकानातला साधा सकर दीड फुटाचा होतो आणि काचेपेक्षा घाणच जास्त करतो, हवाच असेल तर ब्रिसलनोज, तो हाताच्या पंजाएवढाच राहतो आणि या पाण्याला जुळवून घेतो. पीकॉकचा टँक करणार असाल तर वर फिरायला रेनबोफिश चालतील, बोसेमानी वगैरे, कठीण पाणी त्यांना मानवतं, आणि वर निर्धास्त फिरणारे मासे दिसले की खालचे पण बाहेर येतात. पीकॉकमध्ये बरेच जण नुसते नर ठेवतात, प्रत्येक रंगाचा एक, मादी एकही नाही म्हणजे भांडणाचं कारणच कमी, सहा फुटांत बारा-पंधरा छान राहतात, त्यात एखादा इलेक्ट्रिक ब्लू हॅप. पण व्हेनस्टस किंवा लिव्हिंगस्टोनी घेऊ नका त्यात. लिव्हिंगस्टोनी तळाला मेल्यासारखा पडून राहतो आणि बघायला आलेल्या लहान माशांना गिळतो, तळ्यात हीच त्याची शिकार करायची पद्धत, आणि दोघेही नऊ-दहा इंचाचे होतात. दुकानात दीड इंचाचा पीकॉक पूर्ण रंगात चमकताना दिसला तर तोही घेऊ नका, एवढ्या वयात तो रंग आपोआप येत नाही, हार्मोन दिलेलं असतं, घरी आल्यावर उतरतो.

टांगानिकाचं वेगळंच विश्व आहे, फ्रन्टोसा, ट्रोफियस, शिंपल्यांत राहणारे ते चिमुकले, त्यावर मी अनुभवाशिवाय लिहिणार नाही. एवढंच सांगते, फ्रन्टोसा शांत दिसतो पण फूटभर वाढतो आणि रात्री झोपलेले लहान मासे खातो, म्बुनांच्या धांदलीत त्याला ठेवू नका.

एका काकांनी विचारलं होतं, टँकमध्ये आमची काळुंदरां सोडली तर, भाऊबंदच ना. भाऊबंद खरे, पण काळुंदर खाऱ्या-गोड्या मिसळीच्या पाण्यातलं, फूटभर होणारं, त्याला खाजनच हवं. आणि उलटंही सांगते, आणि हे कळवळून सांगते, टँकमधला नकोसा झालेला मासा नदीत, तळीत, विहिरीत, कुठेच सोडू नका. तिलापिया हा आफ्रिकन सिक्लिडच, १९५२ मध्ये भारतात आणला आणि आज आपल्या तळ्यांत, ओहोळांत, खाजनांत सगळीकडे आहे, मूळच्या माशांचं खाणं आणि जागा खातोय. बाबा ज्या बांधावर मला काळुंदराची जोडी दाखवायचे तिथे आता गरीला पहिला तिलापिया लागतो. व्हिक्टोरिया तळ्यात तर १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला आणि तिथल्या सिक्लिडच्या कितीतरी जाती कायमच्या संपल्या. जादा नर दुकानात परत द्या, ओळखीत द्या, फुकट द्या, पण पाण्यात सोडू नका.

गेल्या महिन्यात एका साउलोसी मादीने खाणं सोडलं. हनुवटी फुगलेली, तोंड नीट मिटत नव्हतं, गोळ्या समोरून गेल्या तरी बघायची नाही. अंडी तोंडात. ही मंडळी तीन आठवडे तशीच उपाशी राहतात. अठराव्या दिवशी रात्री तिला अलगद जाळीत घेऊन वेगळ्या दोन फुटी टँकमध्ये ठेवलं, बाविसाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन तिथे उभी होते तर तिने तोंड उघडलं आणि एक एक करत पिल्लं बाहेर आली, पूर्ण माशाच्या आकाराची, फिकट पिवळी, आणि मी हात हलवला तशी सगळी परत तिच्या तोंडात! एकोणीस मोजली नंतर. आता ती पाऊण इंचाची झालीत, अजून दोन महिन्यांनी द्यायला होतील. फोंड्याच्या आसपास कोणाला हवी असतील तर सांगा, पैसे नकोत, पण आधी टँकची लांबी, पाण्याचा पीएच आणि आत सध्या कोण कोण आहे ते लिहून पाठवा, आणि त्या यादीत ऑराटस असेल तर तो कुठे ठेवणार तेही.